फेलाचा ब्रश

१९ ऑक्टोबर, गुरुवार. बसमध्ये.

बस हलतेय, अक्षर नाचतंय. नाचू दे. कोण वाचणार आहे!

सहलीचा शेवटचा दिवस संपला. व्हिएन्ना मागे राहिलं. तिथं मी काय केलं ते लिहून टाकते, नाहीतर गावात पोचेपर्यंत मीच वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

सकाळी गाईड अगाता म्हणाली, "आधी राजवाडा, मग मोठी दफनभूमी, मग थेट घर. आणि बायांनो, कशालाही हात लावायचा नाही!" शहरातली पोर आहे, छत्री उंच धरून पुढे चालते, आम्ही मागून बदकांसारख्या. राजवाड्यात कुणी हात लावला नाही. तिथं पुसायला धूळच नव्हती.

दफनभूमीत ती सगळ्यांना बड्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या थडग्यांकडे घेऊन गेली. मी मागे राहिले. फेलाही राहिली, कारण ती माझ्या मागे मागेच असते. चाळीस उलटली तरी डोक्यानं लहान आहे बिचारी, पण दगड घासावा तर तिनंच. ज्यांची पोरं जर्मनीत-अमेरिकेत गेलीत त्यांची थडगी एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाआधी तीच धुते. त्या पैशांतच तिची हिवाळ्याची जळणाची लाकडं येतात. सहलीलासुद्धा पिशवीत ब्रश घेऊन आलेली. मी हसले होते तिला.

आमच्या चर्चच्या फादर तादेउशनी निघताना प्रत्येकीजवळ एक मेणबत्ती दिलेली — तिकडे एखादा आपला माणूस पुरलेला दिसला तर लावा. तर मला दिसला. नावाच्या शेवटी 'स्की', म्हणजे पोलिश, आपल्यातलाच. आणि थडग्याची दशा! वेलीनं सगळं गिळलेलं, दगडावर शेवाळ, अर्धं नाव आत बुडालेलं. सणाला बारा-तेरा दिवस उरलेत आणि असं थडगं! आमच्याकडे असं दिसलं तर त्या घरच्या बाईनं तोंड लपवावं.

"फेला, पाणी आण. ब्रश दे इकडे."

वेल मी मुळासकट उपटली. शेवाळ खरवडलं. तारेचा ब्रश, आणि माझा हात काही हलका नाही. नावावर पिवळा रंग होता, मला वाटलं घाण. निघून गेला. फेला बादली घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "घे, आता तू धू, माझी कंबर गेली." आणि तिच्या हातात ब्रश दिला.

तेवढ्यात एक म्हातारा आला. हातात झारी. उभाच राहिला. ओरडला नाही — ओरडला असता तर बरं झालं असतं! खाली बसला आणि उपटलेली वेल दोन्ही हातांनी गोळा करायला लागला. अगाता धावत आली, त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. तिचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, थडगं त्याच्या बायकोचं. वेल तिच्या माहेरच्या भिंतीवरची, त्यानं आणून लावलेली. नाव दरवर्षी स्वतः सोनेरी रंगानं गिरवायचा. आता हात थरथरतो, या वर्षी जमलं ते शेवटचंच.

मागून सगळ्या बाया येऊन उभ्या. अगाता विचारते, "कुणी केलं हे?"

ब्रश फेलाच्या हातात. आणि माझं तोंड उघडलं. या तोंडाला मी साठ वर्षं ओळखते, तरी मला कळलं नाही ते काय बोलणार.

"फेला! किती वेळा सांगितलं तुला, सगळीकडे हात घालू नकोस म्हणून!"

फेलानं माझ्याकडे पाहिलं. मग ब्रशकडे. मग मान खाली घातली.

२० ऑक्टोबर

पोचलो. बसमध्ये फेला माझ्याच शेजारी बसली होती. न्याहारीला हॉटेलातून उचललेला पाव तिनं अर्धा मोडून मला दिला. मी खाल्ला.

२२ ऑक्टोबर, रविवार

गावाला सगळं कळलं. चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपायच्या आत कळलं.

यादविगा शेजारीण दारात अडवून म्हणते, "त्या खुळीनं परदेशात आपलं नाक कापलं गं! म्हातारा रडत होता ना गं?"

"रडत नव्हता."

"तू फार साधी, ब्रोन्का. तूच तिला सांभाळून नेलंस आणि तिनं हे पांग फेडले."

घरी येऊन बटाटे सोलले. साल इतकी जाड निघाली की सून बघत राहिली.

२४ ऑक्टोबर

यादविगानं फेलाला सांगितलं, आमच्या थडग्याला हात लावू नकोस. गिरणीवाल्यांनीही सांगितलं. ज्यांची पोरं अमेरिकेत, त्यांनी फोनवरून सांगितलं.

आणि कहर म्हणजे यादविगा माझ्याकडे आली. "आमच्या सासूचं तू घास ना. तुझा हात हलका."

माझा हात हलका!

मी कंबर दुखते म्हणाले. खरंच दुखते. खरं बोलूनसुद्धा खोटं वाटलं.

२५ ऑक्टोबर

फेला मागच्या दारानं आली. पुढून येत नाही आता.

"मावशी, यादविगाबाईंना सांगा ना. मी हळू घासेन. ब्रश नको, फडक्यानं घासेन."

मी विचारलं, "फेला, तिथं काय झालं ते आठवतं ना तुला?"

"मी पाणी आणलं."

"आणि?"

"आणि वेल तुटली होती." कपाळाला आठ्या घालून खूप वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "मावशी, माझी लाकडं अजून आली नाहीत."

तिला सूप दिलं. सूप देणं सोपं असतं.

२७ ऑक्टोबर

सणाआधी पापनिवेदन करायचं असतं, म्हणून रांगेत उभी राहिले. इतकी वर्षं मी तिथं तीच जुनी यादी म्हणत आले — सुनेवर ओरडले, उपासाच्या दिवशी सॉसेज खाल्लं. आज जाळीपलीकडे फादर तादेउश, आणि मी सगळं सांगून टाकलं. वेल, रंग, ब्रश, माझं तोंड.

मला वाटलं फादर झोपले. मग म्हणाले, "आई, मला सांगून भागायचं नाही. तिचं नाव तुम्ही लोकांत घालवलं, लोकांतच परत द्या."

"तुम्हीच सांगा ना रविवारी, फादर. तुमचं ऐकतात."

"इथलं मी बाहेर बोलू शकत नाही. कुणी माझी मान कापली तरी नाही."

बरा कायदा! ज्याचं ऐकतील तो मुका, आणि बोलायचं ते मी.

२९ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दाराशी. सगळ्या तिथंच घुटमळतात, कुणाचा कोट नवा ते बघायला. फेला भिंतीकडेला एकटी उभी. मी पायरीवर चढले.

"ऐका. व्हिएन्नात ते थडगं मी खराब केलं. वेल मी उपटली. रंग मी घालवला. फेलानं फक्त पाणी आणलं. मी तिच्यावर खोटा आळ घातला."

मला वाटलं आता थुंकतील. थुंकू देत.

यादविगा पुढे आली, डोळ्यांत पाणी! माझे दोन्ही हात धरले. "ब्रोन्का, ब्रोन्का, केवढं मन गं तुझं! तिला लाकडं मिळावीत म्हणून स्वतःवर घेतेस!"

"अगं नाही! मीच —"

"पुरे. आम्ही होतो की तिथं. ब्रश तिच्या हातात आम्ही डोळ्यांनी पाहिला."

गिरणीवाली म्हणाली, "असं कोण करतं हल्ली!" आणखी कुणी माझा गाल चुंबला. मी ओरडले, "मूर्ख बायांनो, मी खोटारडी आहे, कळतं का तुम्हाला?" तर त्या हसल्या. ब्रोन्का अशीच बोलते म्हणाल्या. सगळा जन्म मी वाकडं बोलत आले, आता सरळ बोलले तर तेही वाकड्यात जमा.

फादर तादेउशकडे पाहिलं. ते दारात उभे. बुटांकडे बघत. कान लालबुंद.

३० ऑक्टोबर

यादविगानं आणि गिरणीवाल्यांनी फेलाला परत बोलावलं. "ब्रोन्काच्या शब्दाखातर," असं सांगून. ब्रश घरी ठेवून ये, आम्ही बाजूला उभ्या राहू, असंही सांगून. यादविगा खरंच उभी राहिली, हाताची घडी घालून, फेलाचा एकेक हात बघत. मी कुंपणापलीकडून पाहिलं. फेला फडक्यानं दगड असा पुसत होती जसा तो भाजलाय.

लाकडं येतील. एवढं झालं.

मला मात्र लोक आता रस्त्यात थांबून नमस्कार करतात. मी नमस्कार घेत नाही, तर म्हणतात केवढा विनय!

३१ ऑक्टोबर

व्हिएन्नातल्या म्हाताऱ्याला सोनेरी रंग पाठवावा म्हणून अगाताला फोन केला. ती म्हणाली, त्यानं पत्ता दिला नाही, आणि द्यायची त्याची इच्छाही नाही. बरोबर आहे त्याचं.

१ नोव्हेंबर

दफनभूमी मेणबत्त्यांनी भरलेली. फेला गर्दीतून माझ्याकडे आली आणि सगळ्यांसमोर माझ्या हाताचं चुंबन घेतलं.

मी तिला बाजूला ओढलं. दोन्ही खांदे धरले. "फेला, नीट ऐक. ते मी केलं होतं. तू नाही. मी!"

ती हसली. लहान पोराची समजूत काढावी तसा माझा हात थोपटला.

"पुरे आता, मावशी. माझ्यासाठी किती खोटं बोलाल? मी खूप आठवलं. मीच केलं होतं."