मिस थॉर्नबींची नवी टायपिस्ट

३ मार्च
आले एकदाची! मिस थॉर्नबींच्या खूनकथा आता मी टाइप करणार. लंडनची नोकरी सोडली म्हणून आई अजून फुगलीय, पण मी जाम खूश. त्यांचं प्रत्येक पुस्तक मी वाचलंय आणि खुनी दरवेळी शेवटाआधीच ओळखलाय. आल्या आल्या सांगूनच टाकलं. मिस हसल्या. म्हणाल्या, मग यावेळी तुला हरवायलाच हवं गं, ऑलिव्ह. त्यांचा नियम एकच: वाचकापासून एकही धागा लपवायचा नाही. चहाबरोबर बदामाचा केक. रोज मिळणार म्हणे!

९ मार्च
मिस न पाहिलेलं काही लिहीत नाहीत. प्रेत कसं कुजतं ते कळावं म्हणून मागच्या खोलीत डुकराची तंगडी लटकवलीय, तिला बाईचा रेशमी मोजा चढवून! मी रोज वास घ्यायचा आणि लिहून काढायचा. आज मोज्यातून अळ्या गळत होत्या, ओल्या भातासारख्या. मिसनी एक चिमटीत धरून मोजपट्टीवर ठेवली आणि त्याच बोटांनी मला केक वाढला. खाल्ला मी. शी!

२८ मार्च
पोट सारखं ढवळतं. त्या वासानेच असणार. पाववाला डिगरी म्हणाला, इथे गावात सगळेच मिससाठी मरून दाखवतात. पाद्रीबाई तर गालिच्यावर तोंडातून फेस काढून पडल्या होत्या! “मलापण कितीदा मारलंय, ताई. मेल्यावर पुडिंग मिळतं.”

१४ एप्रिल
आजचं प्रकरण टाइप केलं. मरणारी मुलगी टायपिस्ट आहे. तिचे केस झडतात, नखांवर पांढरे आडवे पट्टे येतात.
माझी नखं बघितली.
सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष. इतकं साधं! मिसना थेट विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत. “लपवलं काय मी? केक तुझ्यासमोर कापला. मी एकदातरी खाल्ला का? धागा होता की गं. तुलाच दिसला नाही.”
निघायचं म्हणून उठले, तर पाय—

१७ एप्रिल
पाय उचलवत नाहीत. उशीवर केसांचा पुंजका, उलटीत चिकटलेला. गालाला लागतो. पुसायलाही—
डिगरी आला. खाटेवरूनच खिडकीतून ओरडले, विष घालतायत मला, डॉक्टर आण! त्याने टोपी काढली. “वा ताई! पाद्रीबाईंपेक्षा झकास मरता!” मिस पोट धरून हसल्या. मी रडले, परत ओरडले. त्याने टाळ्या वाजवल्या. आणि गेला—

१८
मिस उलटीच्या भांड्यात बोट बुडवतात. रंग बघतात. हुंगतात. आधी हात गार पडले की पाय, विचारतात. जीभ जड होते का? नीट सांग, शेवट अडलाय.

नाही सांगणार. हा शेवट त्यांना देणार नाही. तोंड उघडायचंच नाही. पण काल त्यांनी नाक दाबलं, मग तोंड आपोआप—
जिना वाजतोय. बशीत चमचा—
त्या गुणगुणताय