आबांचा नंबर

कारू, दक्षिण आफ्रिका

तीर्थरूप आईस नमस्कार.

कागद बदललाय. पहिल्यावर सवयीनं ‘सौ.’ लिहिलं गेलं.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. इथली रेडिओ दुर्बीण आकाशातला बारीक आवाज ऐकणार, म्हणून सगळ्यांचे फोन गेटवरच्या पेटीत ठेवायचे. बांधकाम माझ्याकडं, नियमही मीच कडक केला. आबा गेले तेव्हा तू त्यांच्या मोबाईलवरून लावत राहिलीस आणि माझा फोन पेटीत वाजत राहिला.

गेटवरून निरोप आला तेव्हा दुर्बिणीची तबकडी क्रेनला टांगलेली होती. ती बसवूनच खाली आलो. रडू आलं नाही. फोन अजून पेटीतच आहे.

दहाव्याला कऱ्हाटीची आत्या आली होती का? तू जेवतेस ना?

आबांचा नंबर बंद करू नकोस. धीर आला की त्यावरच लावीन. उचलशील ना?

तुझा,
ऋषिराज