एकाच्याच हाकेला येणारा रेकॉर्डर

आबा,

आज तुमचं पित्र होतं. कावळ्यासाठी पत्र्यावर घास ठेवायचा होता आणि पान हातात धरून मी फोनवर बोलत उभा होतो. आई अंगणातून ओरडली, "आरं, बाप दारात येऊन उभा हाय, अन् तू कुनासंग बोलून राह्यला?" मालकांशी, असं मी खुणेनं सांगितलं. घरातलं एकही माणूस तोवर जेवलेलं नव्हतं.

तुम्ही गेल्यानंतरची ही नोकरी. जालन्याजवळच्या बियाण्यांच्या गोदामात मी कामाला आहे. तिथं चौदा कॅमेरे आणि त्यांचं सगळं चित्र साठवणारा एक रेकॉर्डर आहे. त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या नेटवर्कवर अडकून बसायचं, म्हणून मी स्वतःचं लिहिलं. आता घनसावंगीत घरी बसून, फोनवरून मी गोदामातला कॅमेरा वळवतो, परवाची दुपार मागं नेऊन बघतो, रेकॉर्डिंग चालू-बंद करतो. मालक खूश झाले आणि मी हवेत गेलो. पण रेकॉर्डरला हुकूम द्यायची अक्षरं, एकेका कामाला एकेक, मी माझ्या मनानं ठरवली, कुठं लिहून ठेवली नाहीत, आणि तो फक्त माझ्याच फोनचं ऐकेल असं करून ठेवलं. मुद्दाम. तेव्हापासून माझी सुटका नाही. लग्नात अक्षता हातात असताना फोन, दवाखान्याच्या रांगेत फोन. "जरा मागं फिरवून सांगा, कालची गाडी किती वाजता गेल्ती?" बायको माहेरी जाऊ म्हणाली की मी आधी तिथं रेंज आहे का ते विचारतो. चार वर्षांत फोन घरी ठेवून शेतापर्यंतसुद्धा गेलेलो नाही. गुदमरतो मी, आबा.

तुम्ही हसला असता, कारण हे मी दुसऱ्यांदा केलं आहे. मी चौथीत होतो. आपल्या कळपाच्या पुढं चालणारा तो घंटेचा मेंढा मी गुपचूप गूळ चारून माझ्या शिळेच्या आवाजावर वळवला. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर निघाला की मी त्याला काठी दाखवायचो. महिनाभरात तो तुम्हालाही जुमानेना. मग मला ताप भरला आणि सगळा कळप माळावर अडून बसला. हाळ्या देऊन देऊन तुमचा घसा बसला, काकाही दमला. शेवटी घोंगडीत गुंडाळून, खांद्यावर टाकून तुम्ही मला माळावर नेलं. मी कशीबशी शीळ घातली आणि मेंढरं धावत आली. परतताना तुम्ही म्हणालात, "जनावर चार जणाच्या हाकेला यायला पाहिजे, लेकरा. एकाच्याच हाकेला येतं, ते त्यालाच खुंट्याला बांधतं. तू बिमार पडला तरी तुला सुट्टी न्हाई, बघ." दुसऱ्या दिवसापासून त्या मेंढ्याला तुम्ही गल्लीतल्या चौघांच्या हातून गूळ चारवलात.

गेल्या महिन्यात गोदामात एक नवीन मुलगी लागली, भोकरदनकडची, चांगली शिकलेली. म्हणाली, "सर, मला बी शिकवा ना. तुम्ही बाहेर गेले तर मी बघत जाईन." मालकही शिकवा म्हणाले. मी तोंड वाकडं करून सांगितलं, "लई किचकट हाय ते, तुम्हाला न्हाई जमायचं." ती बरं म्हणाली आणि गेली. आबा, एका दुपारचं काम आहे ते. सगळी मिळून अकरा अक्षरं आहेत.

आज घास ठेवला, पण कावळा शिवेना. जवळ यायचा, मान वाकडी करून बघायचा, उडून जायचा. पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. आई म्हणाली, "काय राह्यलं असंल त्याह्यचं, बोल काहीतरी." मी हात जोडून मनात म्हटलं, उद्या त्या मुलीला शिकवतो. कावळा आला आणि घास घेऊन गेला.

सगळे जेवले. हे पत्र तुमच्या घोंगडीच्या घडीत ठेवून देईन, दुसरीकडं कुठं टाकणार? शब्द दिलाय खरा, पण पाळीन की नाही, माझा मलाच भरवसा नाही. कारण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी माळावर तुम्ही सगळे हरलात आणि मेंढरं माझ्या एकट्याच्या शिळेला धावत आली, तेव्हा अंगात ताप फणफणत होता आणि मला फार बरं वाटलं होतं.