शेवटचा शॉट लांबलाय

धाकटे,

सवत म्हणवत नाही, म्हणून ‘धाकटे’. आपला नावाजलेला दिग्दर्शक नवरा गेला आणि त्याचा अर्धवट सिनेमा तू पुरा केलास. आज तो बघायला मी गेले, ते चुका काढायलाच.

पूर्वी त्याचे सिनेमे मी एडिट करायचे. नटी उठून गेली की शॉट तोडायचा, हा माझा हट्ट. त्यावरून घरात भांडी आदळायची. तू मात्र शेवटच्या शॉटमध्ये नटी गेल्यावरही रिकामी खुर्ची पडद्यावर राहू दिलीस. एक हात तुटलेली, एडिटिंगला बसायची माझी खुर्ची! मी घर सोडताना मागे राहिलेली.

ती कुणाची, हे त्यानं तुला सांगितलं असेल, तर माझा जळफळाट होतो. न सांगताच तुला कळलं असेल, तर त्याहून जास्त.

हे पत्र काही मी टाकणार नाही. पण शॉट लांबलाय.

थोरली