दोरीवरचं तिसरं लुगडं

आई, गेल्या आठवड्यात आमच्या छापखान्यात एक पत्रक आलं आणि त्यात मला तू सापडलीस. कुंभकोणात बाळंतिणींना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं ते पत्रक. तमिळमध्ये, दोन पानांचं, आकृतीसकट. दहावी अर्धी सोडलेला मी, चूक राहील या भीतीने प्रत्येक शब्द दोनदा वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यात लिहिलं होतं की ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, सगळ्यांना खालून त्यांचाच आधार. बाळंतपणानंतर ते सैल पडले की खोकताना, हसताना, घागर उचलताना थेंब थेंब लघवी होते. पुष्कळ बायका पाणी पिणं कमी करतात, दिवसातून अनेकदा साडी बदलतात आणि कुणाला सांगत नाहीत. या ओळीवर माझा हात थांबला.

मला आपलं अंगण दिसलं. दुपारची दुसरी आंघोळ करून तू दोरीवर तिसरं लुगडं वाळत घालते आहेस. बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगताहेत, "आमच्या घरी सोवळं म्हणजे सोवळं. बाहेरून आली की आंघोळ, कुणी शिवलं की आंघोळ." तिरुनागेश्वरमची आत्या चिडवते, "वहिनी, देवळातला देवदेखील इतक्यांदा न्हात नाही गे!" सगळे हसतात. तूही हसतेस आणि हसता हसता एकदम उठून मागच्या दारी जातेस. पापनाशमला लग्नाला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून तू पाणी घेत नसायचीस. आम्ही म्हणायचो, आईचा उपास. मी अठरा वर्षांचा होतो, छापखान्यातला पहिला दिवस संपवून घरी आलो आणि स्वयंपाकघरात तुझ्या पाया पडायला वाकलो, तर तू केवढ्यांदा ओरडलीस, "शिवू नको मला! लांब हो!" मला वाटलं, माझ्या हातांच्या शाईचा विटाळ झाला. तेव्हापासून घरी शिरण्याआधी मी कोपरापर्यंत हात घासायचो, अजूनही घासतो. शाईचं काहीच नव्हतं का ग? मला वास येईल, एवढीच भीती होती का तुला?

बाई पत्रक तपासायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारत सुटलो. "हे स्नायू दिसत नाहीत, मग बरोबर आवळले हे कळायचं कसं?" त्या म्हणाल्या, "पोटातला वारा अडवताना आतून वर ओढतो ना, तसं. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वासही कोंडायचा नाही. थोडा वेळ धरायचं आणि पुरतं सोडायचं. सोडणंही तितकंच शिकावं लागतं." मी विचारलं, "किती दिवस?" "रोज केलं तर काही महिने. आधी एकदा तपासून घ्यावं." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या, "तंबी, पुरुषांनाही असतात हे स्नायू." त्या गेल्यावर मी स्टुलावर बसून करून पाहिलं. मालक समोरून ओरडले, "काय रे, पोटात कळ आली का? तोंड बघ आरशात!"

पण नुसत्या कुतूहलाने मी विचारत नव्हतो. तुझ्या सुनेला, जिला तू पाहिलंच नाहीस, बाळंत होऊन पाच महिने झाले. अलीकडे ती दुपारी पुन्हा न्हाते. परवा बाबा कौतुकाने म्हणाले, "अगदी सासूसारखी. या वयात एवढं सोवळं कोण पाळतं?" ती मान खाली घालून साडी पिळत राहिली. दोरीवर त्या दिवसाची तिसरी.

काल दुपारी जेवायला घरी गेलो आणि पत्रकाची एक प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने उभ्याउभ्या वाचलं. चेहरा लाल झाला.

"हे कुणी सांगितलं तुम्हांला?"

"आईने," मी म्हणालो. "तिलाही होतं. जाण्याआधी म्हणाली होती, सुनेला असं झालं तर लपवू देऊ नको."

ती पाटावर बसली. पत्रक पुन्हा एकदा वाचून म्हणाली, "सासूबाईंना किती वर्षं होतं?"

"पुष्कळ."

"आणि त्या कुणाकडे गेल्या नाहीत?"

"नाही."

"मग सोमवारी जाऊ," ती म्हणाली आणि लोटा उचलून माझ्यासमोर सगळं पाणी प्यायली.

आई, तू मला यातलं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतंस. कुणाला कळू नये म्हणून इतकी वर्षं थंड पाण्याने न्हालीस आणि मी ते एका वाक्यात सांगून मोकळा झालो, तेही तुझ्या तोंडी घालून. तू शिकवलेल्या देवनागरीत, उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिलंय. पाठवायला पत्ता नाही. नेहमीप्रमाणे दोनदा तपासलं. तिला सांगितलेलं ते खोटं तेवढं दुरुस्त करायचं माझ्या मनात नाही.