उघाडीचे अकरा दगड

दिनांक ११ नोव्हेंबर १९८३, शुक्रवार. सायंकाळचे चार वाजून चाळीस मिनिटे. खाडीचे पाणी बांधातल्या ज्या उघाडीतून, म्हणजे पाणी घ्यायच्या दारातून, आमच्या खाजणातल्या शेतात येते, तिथे बांधावर बसून मी फूटपट्टीने दगडावरचे शेवाळ मोजत होतो. एक इंच भरले. ते टिपून मग हा कागद घेतला.

मी, पंढरी सिताराम मढवी, वय तेवीस, शिक्षण सातवी, राहणार पावणे, पूर्ण शुद्धीत असून, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहितो. सोमवारी मुंबईला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. घाबरण्याचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी दोनदा सांगितले, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहत्या घरातील माझा हिस्सा आई चांगुणाबाई हिचा. पोस्टातील रक्कम बहीण पुतळा हिची.

२. माझ्या हत्यारांच्या पेटीतील पाने मेहुणे सदू यांना द्यावेत. हातड्रिल देऊ नये. मागे नेले ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत परत आले नाही, आणि आले तेव्हा त्याला मूठ नव्हती.

३. उघाडीचे अकरा दगड माझ्या मालकीचे नाहीत, गावाचे आहेत. तरी त्यांच्याबद्दल लिहिणे भाग आहे.

भरतीबरोबर या दगडांवर पालू मासे येत. चपटे, रुपेरी, अंगावर पिवळसर रेघा. दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडताना ते एका अंगावर कलत, तेव्हा पाण्याखाली कोणी आरसा फिरवल्यासारखे होई. लहानपणी मी पालथा पडून बघत असे. बघता बघता वाटे की मासे जागच्या जागी आहेत, आणि मी व बांधच हळूहळू खाडीकडे वाहत चाललो आहोत. ऑपरेशनच्या गुंगीत असेच वाटणार असेल तर माझी हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील या शेवाळावरून घसरले आणि त्या दुखण्यातच गेले. तेरावे झाल्यावर मी कामाला आहे त्या कारखान्यातून तारेचा ब्रश आणला आणि धुण्याचा सोडा घालून अकराही दगड पांढरे होईपर्यंत घासले. पुन्हा कोणी पडू नये, एवढेच मनात होते. पालू यायचे थांबले. काका देवजी यांची शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती. त्यांचे पोट उघाडीवर फेकायच्या जाळ्यावर होते. त्यांनी दगड पाहिले आणि माझ्यासमोर आईला म्हणाले, “सातवी शिकून दगर घासले यानी.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

आता शेवाळ पुन्हा धरले आहे. तरी यापुढे दगडांना कोणीही ब्रश लावू नये. मी बांधाच्या खुंटाला दोर बांधला आहे, तो धरून उतरावे.

४. माझे नवे फेकजाळे काका देवजी यांना द्यावे.

कलम ४ रद्द. कारण असे :

एवढे लिहून झाले तेव्हा साक्षीसाठी बोलावलेले अरविंद शेंबेकर आले. ते नव्या वसाहतीत राहतात व वकिलांकडे कारकून आहेत. दुसरा साक्षीदार कोण, असे ते विचारत होते, तोच काका बांधावर येऊन उभे राहिले. आईने सांगितले असावे. ते दोर धरून खाली उतरले, दगडांवरून हात फिरवला आणि वर आले. मी चौथे कलम वाचून दाखवले.

अरविंद म्हणाले, “पंढरी, यांना जाळे द्यायचे असेल तर साक्षीला दुसरा माणूस बघ. ज्याला काही मिळते त्याची साक्ष आमचे वकील घेत नाहीत.”

काका माझ्याकडे वळले. “मना जाल नको. जाल तूच फेक, घरी आलास का. आंगठा कंय लावाचा?”

मी जागा दाखवली.

ठिकाण : पावणे, उघाडीवर. वेळ सहा वाजून पाच मिनिटे.

लिहून ठेवणार : पंढरी सिताराम मढवी (सही)

साक्षीदार :
१. अरविंद शेंबेकर (सही)
२. देवजी मढवी, डाव्या हाताचा अंगठा. हात ओला असल्याने शाई पसरली आहे. अंगठा त्यांचाच आहे.