जुने पत्ते बंद करण्याआधी

मी, गल्लीत जिला बटणवाली आजी म्हणतात ती, वय एकोणऐंशी, शिलाई दुकानाची मालकीण, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना (याबाबत जावयाचं मत घेऊ नये) हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षरओळख नाही. लिहिते आहे नात, आणि मध्येमध्ये खिदळते आहे. तेही लिही म्हटलं.

कलम एक. घर व खालचं दुकान मुलीला. वरच्या खोलीत आमचे हे अंथरुणावर आहेत. ते आहेत तोवर खोली त्यांचीच.

कलम दोन. मशीन आणि कात्र्या नातीला. मोठ्या कात्रीनं जावईबापूंनी एकदा पुठ्ठा कापला होता. त्यांना सुईसुद्धा देऊ नये.

कलम तीन. ह्यांच्या खोलीत कॅमेरा आहे. काजं करता करता मी फोनवर ह्यांना बघते. ह्यांनी हात हलवला की जिना चढते. इंटरनेट कंपनी म्हणते, घरातली यंत्रं ज्यावरून इंटरनेटवर एकमेकांना शोधतात ते जुन्या पद्धतीचे पत्ते हळूहळू जाणार, नवे लांबलचक येणार. येऊ देत की! पण आमच्या जुन्या कॅमेऱ्याला नवा पत्ता कळतच नाही. जावई म्हणाले, "आई, आता सगळं नवं!" राउटरमधले जुने पत्ते बंद केले आणि गेले जेवायला. फोनवर ह्यांचं चित्र गोठलं. मी अर्धी दुपार त्या चित्राचं कौतुक करत बसले, "आज किती शहाण्यासारखे पडलेत!" वर हे पाण्यासाठी हात हलवून दमले. शेवटी रिकामा तांब्या खाली ढकलला, तो आवाज ऐकून कुठे मी धावले.

म्हणून आधी नवा कॅमेरा आणायचा. जुने-नवे पत्ते जोडीनं चालू ठेवायचे. एकेक यंत्र नव्यावर तपासायचं. जुने बंद करायचे ते सर्वांत शेवटी, आणि खोलीत माणूस उभा करून.

नात म्हणाली, "आजी, मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं."

हे कलम आजपासून लागू. बाकीच्यांना घाई नाही.

कलम चार, दोन दिवसांनी सांगितलेलं. नवा कॅमेरा लागला. जावई वर उभे राहिले, नातीनं जुने पत्ते बंद केले. फोनवर ह्यांचा हात हलला! मी दोन-दोन पायऱ्या चढले. "काय हवंय?"

"काही नाही. तू येतेस का बघत होतो."

माझ्यामागे फोन मुलीकडे राहील. हात हलला की तिनं वर जायचं. काम काय, असं खालून विचारायचं नाही.

आमच्यादेखत, वाचून दाखवल्यावर, हसत अंगठा केला:
साक्षीदार: समोरचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार: शेजारची नर्स (सही)
डाव्या हाताचा अंगठा: बटणवाली आजी
ठिकाण: दुकानाचं कापायचं टेबल
दिनांक: अकरा, गुरुवार, दुपार